‘दियाकोनिया’ आणि धूळ

प्रश्न : ‘सेवा’ या अर्थाचा ग्रीक शब्द ‘दियाकोनिया’ म्हणजे मुळात ‘धुळीतून धावणं’, असं एका प्रवचनात ऐकलं. हे खरं आहे का? मग ख्रिस्ती सेवा म्हणजे हलकं काम आनंदानं करणं, एवढंच समजायचं का?
– एक वाचक

उत्तर : ही धुळीची गोष्ट मीही शास्त्राभ्यासाच्या वर्गात अनेक वर्षं सांगितली आहे. ऐकणाऱ्याच्या मनात ती चटकन घर करते. पण ती खरी नाही. ‘दिया’ म्हणजे मधून आणि ‘कोनिस’ म्हणजे धूळ, अशी फोड करतात. मात्र ‘दियाकोनोस’ (‘दियाकोनिया’ करणारा) या शब्दातला ‘या’ ग्रीकमध्ये दीर्घ आहे आणि ‘मधून’ या अर्थाच्या उपसर्गातला ऱ्हस्व. आपल्या लिपीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून फसायला होतं.

शब्दाचा अर्थ त्याच्या वापरातच शोधावा. काना गावच्या लग्नात येशूच्या सांगण्यावरून रांजण भरणारे चाकर हे ‘दियाकोनोस’. बायबलच्या नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात राज्याचा अधिकारीसुद्धा देवाचा ‘दियाकोनोस’ आहे. चाकर आणि अधिकारी दोघांना एकच शब्द! हलकेपणा हा त्याचा गाभा असता तर हे जमलं नसतं. दोघांत समान आहे ते असं, की दोघंही दुसऱ्या कुणीतरी सोपवलेलं काम करताहेत. जॉन कॉलिन्स या अभ्यासकानं 1990 साली प्राचीन ग्रीक लेखन तपासून हाच मुद्दा मांडला : निरोप्या, मध्यस्थ, कुणाच्या तरी वतीनं निघालेला माणूस. त्याचं सगळंच अभ्यासकांना मान्य नाही, मला मात्र त्याचा मुख्य मुद्दा पटतो.

नव्या करारातलंच लूकचं पुस्तक, प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहावा, सावकाश वाचा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होतं, अशी कुरकुर निघते. पहिल्या ओळीतलं ते वाटप म्हणजे ‘दियाकोनिया’. बारा प्रेषित म्हणतात, आम्ही पंक्तीत वाढत बसणं बरं नाही. तिथं त्याच शब्दाचं क्रियापद. आणि चौथ्या ओळीत प्रेषित स्वतःकडे ठेवतात ती वचनाची सेवा, तीही ‘दियाकोनिया’च! भाकरी आणि वचन यांसाठी लूक वेगळे शब्द सहज वापरू शकला असता. त्यानं ते केलं नाही. हे कळलं त्या दिवशी वर्गात मला पुढं शिकवणं सुचेना. वाटपासाठी जे सात जण निवडले, त्यांना ‘दियाकोनोस’ ही पदवी त्या अध्यायात कुठंही दिलेली नाही, हेही लक्षात ठेवा.

गुलामासाठी ग्रीकमध्ये ‘दूलोस’ हा शब्द आहे, उपासनेसाठी ‘लात्रेइया’. त्यांची ‘दियाकोनिया’शी सरमिसळ करू नये.

आता एक काम करा. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातली पहिली ओळ काढा. करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातल्या मंडळीची फीबी ही ‘दियाकोनोस’ आहे, असं या पत्राचा लेखक पौल लिहितो. मग फिलिप्पैकरांस पत्राची पहिली ओळ पाहा; तिथंही तोच शब्द, अनेकवचनी. तुमच्याकडच्या भाषांतरांत दोन्हीकडे एकच शब्द आहे का, ते मला जरूर कळवा.