एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) टाकीत उतरण्याआधी मेणबत्ती सोडून बघणं पुरेसं आहे का?

तुम्ही विचारलंय की सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीतला पंप अडकला की ठेकेदाराची माणसं मेणबत्ती खाली सोडून बघतात आणि उतरतात. हे चालेल का, आणि गॅस मीटर कोणता घ्यावा?

अजिबात चालणार नाही. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५च्या खाली माणूस उतरवायचा नाही, आणि मेणबत्ती विझते साधारण १६ला. हायड्रोजन सल्फाइड जीव घेण्याइतका साठला तरी ज्योत शांतपणे जळत राहते. मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर तीच मेणबत्ती स्फोट घडवते.

‘वास आला की वर येऊ’ हे त्याहून घातक. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की त्याचा सडक्या अंड्याचा वास नाकाला कळेनासाच होतो. माणसाला वाटतं गॅस कमी झाला. ७००च्या पुढे काही श्वासांतच शुद्ध हरपते, शिडी चढायला वेळच मिळत नाही. शिवाय हा गॅस गाळात अडकलेला असतो. वरून मीटर शून्य दाखवतो, आणि पंप ओढताना गाळ ढवळला की एकदम सुटतो. म्हणून मीटर उतरणाऱ्याच्या कॉलरला शेवटपर्यंत लावलेला हवा.

मीटर चार गॅसचा, हवा ओढणारा पंप आणि नळी असलेला घ्या, कंपनी कुठलीही चालेल. अलार्म असे: ऑक्सिजन १९.५, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएम, कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएम, ज्वलनशील वायू एलईएलच्या (ज्या किमान प्रमाणात तो पेट घेऊ शकतो त्याच्या) १० टक्क्यांवर. नळी वर, मध्ये, तळाशी सोडा आणि प्रत्येक ठिकाणी निदान दोन मिनिटं थांबा. आधी ऑक्सिजनचा आकडा वाचा. ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर ऑक्सिजनशिवाय नीट चालत नाही, म्हणजे ऑक्सिजन संपलेल्या टाकीत तो ‘सगळं ठीक’ दाखवू शकतो.

ब्लोअरचा (हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) पाइप तळापर्यंत न्या. ३० घनमीटरच्या टाकीत मिनिटाला २५ घनमीटर हवा सोडली तर वीस वेळा हवा बदलायला २४ मिनिटं लागतात, आणि पाइपला वळणं असली तर याहून बरीच जास्त. ब्लोअर जनरेटरच्या धुराजवळ ठेवू नका. ऑक्सिजनचं सिलिंडर तर टाकीत कधीच सोडू नका, आग भडकते.

उतरणाऱ्याला बांधायच्या दोरीबद्दल मला सगळ्यात जास्त चीड येते. ‘दोरीनं काम अडतं’ हे प्रत्येक सुपरवायझर ऐकवतो. कारखाने अधिनियम, १९४८च्या कलम ३६मध्ये उतरणाऱ्याच्या पट्ट्याला बांधलेल्या दोरीचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावं असं स्पष्ट लिहिलं होतं. तिथे ते सोसायट्यांसाठी लिहिलेलं नव्हतं, पण कारण तेच आहे. खाली कोसळलेल्याला काढायला दुसरा धावत उतरतो आणि तोही तिथेच पडतो. फुल बॉडी हार्नेस (अंगभर बांधायचा पट्टा), टाकीच्या तोंडावर तिपाई आणि विंच (दोर गुंडाळून वर ओढायचं यंत्र) असेल तर कुणालाच उतरावं लागत नाही.

खरं तर पंपासाठी माणूस उतरवायची गरजच का पडावी? कमिट्यांशी माझा हाच जुना वाद आहे. गाइड रेल (पंप वर-खाली सरकवायचे उभे रूळ) आणि साखळी बसवली तर अडकलेला पंप चेनपुलीनं वर ओढून वाइप्स, चिंध्या काढता येतात. ‘खर्च वाढतो’ म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. हातानं मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्यानं गटार आणि सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईला माणूस लावणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारात मृत्यू झाला तर ३० लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०२३मध्ये ठरवली.

एक राहिलं. काडतूसवाला (गॅस गाळणारी डबी लावलेला) मास्क ऑक्सिजन देत नाही, त्याच्या भरवशावर उतरू नका. आणि हे फक्त सांडपाण्यापुरतं समजू नका. मार्च २०२५मध्ये मुंबईच्या नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीची पाण्याची टाकी साफ करताना चार कामगार गुदमरून दगावले.

गाइड रेल बसवाल तेव्हा साखळी स्टेनलेस स्टीलची, ३१६ ग्रेडची घ्या. जस्ताचा मुलामा असलेली सल्फाइडच्या हवेत टिकत नाही, आणि ती तुटली की पुन्हा माणूस उतरवायची वेळ येते.