बँडमधला पाचवा माणूस

प्रश्न : माझी मुलगी एकवीस वर्षांची आहे, यंदा बी.कॉम. झाली. ती गाते, गिटार वाजवते, गाणी स्वतः लिहिते. तीन वर्षांपासून चौघांचा बँड आहे. कुठल्याही कंपनीशी करार नाही, सगळं स्वतंत्र. आतापर्यंत सहा गाणी आली. मला माझ्या वडिलांनी वाजवू दिलं नव्हतं, त्यामुळे मुलीला अडवायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. नोकरी करू नकोस, दोन वर्षं पूर्णवेळ बँड कर, खर्च माझा, असं तिला सांगितलंय. प्रॅक्टिसला मी स्वतः हजर असतो, व्हिडिओ काढतो, रोज एक रील टाकतो. फॉलोअर्स वाढताहेत. पण आठ महिन्यांत तिने एकही नवं गाणं पूर्ण केलेलं नाही. आळस वाढलाय. प्रॅक्टिसहून आली की खोलीचं दार लावून बसते. ड्रमरने नोकरी धरली. मी त्याला गद्दार म्हणालो, तर तिने दोन दिवस अबोला धरला. तिने म्युझिक प्रॉडक्शनचा कोर्स करावा की म्युझिक बिझनेसचा? बाकीचे तिघे साथीपुरतेच आहेत, तर तिने एकटीनेच पुढे जावं का? आणि आठवड्याला एक गाणं लिहायची शिस्त तिला कशी लावावी? – एक पालक

उत्तर : नमस्कार. कोर्सचं शेवटी बघू.

मुलांच्या गाण्या-वाजवण्याला विरोध करणाऱ्या वडिलांची पत्रं नेहमी येतात. तुमचं पत्र त्यातलं नाही, तरी मला जास्त काळजी याच पत्राची वाटली. विरोध करणाऱ्या बापाशी मुलगी भांडू शकते. जो बाप खर्च उचलतो, अँप्लिफायर उचलतो, प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसतो, त्याला ती कोणत्या तोंडाने सांगणार, की बाबा, सध्या मला काही सुचत नाहीये?

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. त्यात कुठल्या महिन्यात किती फॉलोअर्स वाढले, कुठल्या रीलला किती व्ह्यूज आले, हे सगळं आहे. तिच्या सहा गाण्यांपैकी एकही गाणं कशाबद्दल आहे, त्यातलं तुम्हाला काय आवडतं, हे मात्र कुठेच नाही. पूर्णवेळ बँड करायचा हा निर्णय तिचा होता की तुमचा, तेही कळत नाही. ‘मी सांगितलंय’ असं तुम्ही लिहिलंय. तिने त्यावर काय उत्तर दिलं?

बँडच्या प्रॅक्टिसमध्ये काय चालतं, ते तुम्ही दर शनिवार-रविवार बघता. तरी त्याचा अर्थ तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही, म्हणून सांगतो. कुणीतरी एक जण अर्धवट काहीतरी घेऊन येतो. फोनमध्ये रेकॉर्ड केलेली गुणगुण असते, नाहीतर दोन कॉर्ड्स आणि एक ओळ. बेसवाला म्हणतो लय निम्मी करून बघू. ड्रमर बराच वेळ काहीच वाजवत नाही, नुसता ऐकत बसतो. कीबोर्डवर चुकून भलताच सूर लागतो आणि तोच सगळ्यांना बरा वाटतो. मग ‘कडवं मोठं होतंय’, ‘नाही, तेच ठेवायचं’ यावरून तासभर वाद होतो आणि शेवटी सगळंच बाजूला टाकलं जातं. बरेच दिवस असेच जातात. फोनमध्ये एकाच गाण्याचे वीस तुकडे पडलेले असतात आणि दुसऱ्या कडव्याला गाडं अडलेलं असतं. हे काम नीट चालल्याचं लक्षण आहे. या खोलीत वाईट वाजवायची, बेसूर गायची, मूर्ख ओळ मोठ्याने म्हणून बघायची मुभा लागते. कॅमेरा सुरू झाला की कुणीही जे आधीपासून चांगलं येतं तेच वाजवतो. तुम्हीच लिहिलंय, की रील्समध्ये तीच सहा गाणी आणि दुसऱ्यांची गाजलेली गाणी आलटूनपालटून येतात. तुम्ही याला तिचा आळस म्हणता. मी कॅमेऱ्याचा परिणाम म्हणेन. रोज एक रील पाहिजे म्हटल्यावर रील होणार, गाणं राहणार.

त्यात गाणं लिहिणं हा बँडच्या आयुष्याचा लहानसाच भाग असतो. चौघांच्या वेळा जुळवणं, सामान चढवणं-उतरवणं, साउंडचेकसाठी दुपारी पोचून रात्रीपर्यंत ताटकळणं, मग पाऊणएक तास वाजवणं. समोर वीस माणसं, त्यातली निम्मी ओळखीची. आपलं तिसरं गाणं सुरू होताच मागून कुणीतरी ओरडतो, ‘ओळखीचं काहीतरी वाजवा!’ मिक्सिंगच्या, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या सगळ्या आवाजांचा मेळ बसवण्याच्या वेळी प्रत्येकाला आपलंच वाद्य कमी ऐकू येतं. हे सगळं निस्तरताना चौघं एकमेकांवर चिडतात, एकमेकांना सांभाळूनही घेतात, आणि बँड टिकतो तो बहुतेक या सांभाळण्यावर. तिथे पाचवा माणूस, तोही एकीचा बाप आणि खर्च करणारा, कोपऱ्यात बसला असेल तर चिडणारे गप्प राहतात. तुमच्यासमोर तुमच्या मुलीला ‘ही ओळ जमली नाही’ असं सांगायची त्या तिघांची हिंमत होत असेल, असं मला वाटत नाही. आणि तसं कुणी सांगितल्याशिवाय चांगली ओळ यायची कुठून?

तेव्हा पहिला सल्ला : या शनिवारी प्रॅक्टिसला जाऊ नका. पुढच्याही नाही.

तुमच्या पत्रातली एक समजूत मोडायलाच हवी : व्ह्यूज वाढले की गाणं चालतं, आणि गाणं चाललं की पैसा येतो. स्ट्रीमिंगच्या बहुतेक मोठ्या सेवा प्रत्येक ऐकण्यामागे ठरावीक दर देत नाहीत. वर्गणी आणि जाहिरातींतून जमलेल्या पैशांचा एक हिस्सा वेगळा काढतात आणि एकूण ऐकण्यात ज्याच्या गाण्यांचा जेवढा वाटा, तेवढा त्याला देतात. म्हणजे तुमच्या मुलीचं गाणं जगातल्या सगळ्यात मोठ्या गायकांच्या गाण्यांसोबत एकाच भागाकारात असतं. स्पॉटिफायने तर २०२४ पासून अट घातली आहे, की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीतलं काहीच मिळणार नाही. जे मिळतं त्यातून गाणी सेवेवर चढवणारा वितरक आपलं घेतो आणि उरलेल्याचे चार भाग होतात. रीलवर अर्धा मिनिट थांबलेला माणूस गाणं शोधून पूर्ण ऐकेल, याची तर काहीच खात्री नसते. स्वतंत्र वादकांची चूल बहुतेक वेळा कार्यक्रमांवर, शिकवण्यांवर, दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवण्यावर आणि कधीतरी एखाद्या जाहिरातीने किंवा चित्रपटाने गाणं घेतल्यावर चालते. शिवाय गाणं लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगवरचा हक्क वेगळा, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करण्याचं काम आयपीआरएस ही संस्था करते. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या आणि संगीताच्या रॉयल्टीतला वाटा गीतकार-संगीतकाराला सही करून कंपनीला देऊन टाकता येत नाही. तुमची मुलगी आयपीआरएसची सभासद आहे का, हा प्रश्न फॉलोअर्सच्या आकड्याआधी विचारायचा होता.

आता त्या ‘गद्दार’ ड्रमरबद्दल. पत्रातला सगळ्यात शहाणा माणूस मला तोच वाटला. पगार असला की खोलीचं भाडं भरता येतं, नवीन काठ्या घेता येतात आणि फुकटात वाजवायला बोलावणाऱ्याला नाही म्हणता येतं. अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता, आणि तरी ते नळजोडणीची कामं करत, टॅक्सी चालवत. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये त्यांचा ऑपेरा झाला, त्यानंतरही काही काळ टॅक्सी सुटली नव्हती. नोकरी धरली म्हणून कुणी बँडशी बेइमानी केली असं होत नाही. त्या मुलाला फोन करून माफी मागा. मुलीमार्फत नको, स्वतः.

बाकीचे तिघे ‘साथीपुरतेच’, हे वाक्य तर कुठेही पुन्हा बोलू नका. ‘द स्मिथ्स’ या इंग्लिश बँडचे ड्रमर माइक जॉइस यांची गोष्ट सांगतो. गायक मॉरिसी आणि गिटारवादक जॉनी मार कमाईतले ४०-४० टक्के घेत. बेसवादक आणि ड्रमर यांना १०-१० टक्के. लेखी असं काहीच नव्हतं. बँड १९८७ मध्ये फुटला, भांडण कोर्टात गेलं आणि १९९६ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने जॉइस यांना चौथा हिस्सा मंजूर केला. गाणी लिहिल्याच्या रॉयल्टीचा हा हिस्सा नव्हता, तो रेकॉर्डिंग आणि वादनाच्या कमाईचा होता. वेगळं काही ठरलं नसेल तर भागीदारांनी नफा सारखा वाटून घ्यायचा, हा नियम तिथल्या १८९० च्या कायद्यात आहे, आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्यातही आहे. याच्या उलट ‘आर.ई.एम.’ या अमेरिकन बँडने आपल्या गाण्यांचं श्रेय सगळ्या सदस्यांच्या नावावर ठेवायची पद्धत पाळली. बँड १९८० ते २०११ असा तीन दशकं चालला. श्रेय वाटल्यामुळेच तो टिकला असं मी म्हणणार नाही, पण भांडणाचं एक मोठं कारण त्यांनी आधीच मिटवलं होतं.

एकटीने जायचं की नाही हे तिचं तिने ठरवावं. तोपर्यंत चौघांनी एकत्र बसून एक कागद करावा. बँडचं नाव कुणाचं, कुणी सोडून गेलं तर ते कोण वापरणार, कुठलं वाद्य कुणाच्या मालकीचं, आणि गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी त्यात कुणाचा किती वाटा हे लिहून ठेवायचं. बैठक चौघांचीच. चहा द्यायलासुद्धा आत जाऊ नका.

आणखी एक कागद तुमच्या-तिच्यातला. तुम्ही करताय तो खर्च भेट आहे की उसनवारी? भेट असेल तर दर महिन्याला प्रगती विचारायची नाही. उसने असतील तर रक्कम आणि परतफेड लिहून मोकळे व्हा; कर्जाशी माणूस जमवून घेतो, उपकारांशी जमवणं अवघड जातं. दोन वर्षं संपल्यावर काय होणार, हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. तिलाही सांगितलं नसेल, तर ती आठ महिने या न सांगितलेल्या तारखेखाली लिहायचा प्रयत्न करतेय.

आठवड्याला एक गाणं? काही जण स्वतःला असा नियम घालून घेतात आणि त्यांना तो मानवतोही. दुसऱ्याने घातलेला नियम मानवल्याचं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. हा प्रश्न इथेच सोडू.

बाप म्हणून काहीतरी केल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही, हे पत्रावरून दिसतं. मग हे करा. चौघांसाठी वादकांचे इअरप्लग आणा, आवाजाचा पोत न बिघडवता पातळी कमी करणारे. अमेरिकेतल्या नायॉश या, कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास चालतात, पण पातळी ३ डेसिबलने वाढली की दर वेळी हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं. बंद खोलीत ड्रम्स आणि अँप्लिफायर लावल्यावर तिथवर पोचायला फारसं काही लागत नाही. ‘द हू’ या इंग्लिश बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी आपल्या ऐकण्यावर झालेल्या परिणामाबद्दल उघडपणे सांगितलंय. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

पुढचा परिच्छेद तिच्यासाठी आहे. तिला वाचायला द्या आणि वाचताना शेजारी बसू नका.

आठ महिने गाणं पूर्ण न होणं हे लिहिणाऱ्यांच्या बाबतीत अजिबात नवल नाही, त्याची लाज बाळगू नकोस. फक्त एवढं तपासून बघ : दार लावून एकटी बसतेस तेव्हा काही सुचतं का? सुचत असेल, तर अडचण त्या प्रॅक्टिसच्या खोलीत आहे आणि ती सोडवता येईल. गिटारला हातच लावावासा वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर हा करिअरचा प्रश्नच नाही. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेट. आणि पूर्णवेळ बँड तुला नकोच असेल, नोकरी करून संध्याकाळी वाजवायचं असेल, किंवा वर्षभर काहीच वाजवायचं नसेल, तर ते बाबांना सांगायची तुला पूर्ण मुभा आहे. त्यांना वाजवू दिलं नव्हतं, हे कर्ज तू फेडायचं नाहीस.

आता कोर्स. प्रॉडक्शनच्या कोर्समध्ये रेकॉर्डिंग, एडिटिंग, मिक्सिंग शिकवतात. अडलेलं दुसरं कडवं तिथे सुटत नाही. बिझनेसच्या कोर्समधलं करार आणि रॉयल्टीचं प्रकरण उपयोगाचं असतं, पण बी.कॉम. झालेली मुलगी त्यातलं बरंचसं स्वतः वाचून समजून घेईल. एमबीएची सीईटी, सीए हे रस्ते तुम्हाला माहीत आहेतच. ते दोन वर्षांनीही उघडे असतील. आज यातल्या कशाचीही फी भरू नका. तिला यांपैकी काही करावंसं वाटलं तर तिने मला लिहावं, मी संस्था आणि अभ्यासक्रमांबद्दल सविस्तर उत्तर देईन. मात्र पत्र तिचं हवं. तिच्या वतीने तुम्ही लिहिलेल्या पुढच्या पत्राला उत्तर मिळणार नाही.