ओसरीचे दिवे घेण्याआधी

भाऊ, मेढ्याकडं, म्हणजे भरपूर पावसाच्या भागात घर बांधतोयस, तर आधी पाऊस बघ, मग कॅटलॉग. ओसरीत कंदिलाच्या आकाराचा दिवा शोभतो खरा, पण साधा लोखंडी घेतलास तर गंजणार. माझा दुसऱ्याच पावसाळ्यात गंजला, वर भिंतीवर तांबडे ओघळ. पावडर कोटिंगचं ॲल्युमिनियम नाहीतर पितळ घे. उघड्यावर लावायचा असेल तर आयपी ६५ लिहिलेलाच, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत जात नाहीत. बल्ब २७०० केल्विनचा, पिवळसर. पांढऱ्या उजेडात लाकडी तुळयांचं घरसुद्धा दवाखाना वाटतं. जेवणाच्या टेबलावरचा लटकता दिवा टेबलापासून ३० ते ३६ इंच वर ठेव. पंखा मात्र लांब, नाहीतर दिवा झुलतो आणि ताटात सावल्या नाचतात. स्लॅब टाकतानाच या दिव्यासाठी टेबलाच्या वर हूक सोडून घे.