रॅप येत नाही, पण लेबल काढायचंय

तुझं पत्र दोनदा वाचलं. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, दोन मित्र रॅप करतात, एक जण बीट (रॅपमागचं संगीत) बनवतो, तुला माईकसमोर घाम फुटतो पण गाणी अपलोड करण्यापासून कव्हरपर्यंत सगळं तूच बघतोस, आणि आता कॉलेज सोडून स्वतःचं अंडरग्राउंड हिपहॉप लेबल, म्हणजे गाणी बाजारात आणणारी छोटी कंपनी, काढायचंय, तर बाबा म्हणतात ही काय नोकरी आहे का.

बाबांचं बरोबरच आहे, नोकरी नाहीच ती, धंदा आहे. आणि रॅप येत नाही म्हणून उगाच मनाला लावून घेऊ नकोस. अमेरिकेत कॅन्सस सिटीत १९९९ ला टेक नाईन या रॅपरने स्ट्रेंज म्युझिक हे लेबल काढलं ना, त्यातला पार्टनर ट्रॅव्हिस ओगविन फर्निचरच्या धंद्यातून आलेला. स्टोन्स थ्रो १९९६ मध्ये काढलं पीनट बटर वुल्फने, तो डीजे आणि प्रोड्युसर. अशा लेबलला जेवढा रॅपर लागतो तेवढाच हिशोब ठेवणारा पण लागतो, आणि हिशोबवाला मिळणं जास्त अवघड असतं हे मी अनुभवाने सांगतोय.

आता खरं काम काय ते बघ. समजा आज रात्री गाणं रेकॉर्ड झालं, बीट एकाचा, व्हर्स (रॅपची कडवी) दोघांचे, हुक (परत परत येणारी ओळ) आणखी एकानेच सहज सुचवला आणि सगळे खुश होऊन घरी गेले. त्याच रात्री एका कागदावर कोणाचे किती टक्के ते लिहायचं, बेरीज १०० आली पाहिजे, सगळ्यांच्या सह्या. याला स्प्लिट शीट म्हणतात. माझ्याकडे आलेल्या एका ग्रुपने हे केलं नव्हतं, गाणं चाललं आणि हुकवाला आणि बीटवाला आजतागायत एकमेकांशी बोलत नाहीत (गाणं मात्र भारी होतं). आणि हे टक्के दोन ठिकाणी लागतात बरं का, रेकॉर्डिंगचा हक्क म्हणजे मास्टर वेगळा आणि शब्द-चालीचा हक्क म्हणजे पब्लिशिंग वेगळं, नवीन पोरं हमखास इथेच घोळ घालतात. शिवाय प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-आकड्यांचा कोड लागतो, तो चुकला की पैसे भलतीकडे जातात नाहीतर कुठेच जात नाहीत.

मित्रांना तू काय डील देणार हेही आत्ताच ठरव. छोट्या लेबलमध्ये खर्च वजा जाता नफा अर्धा-अर्धा असं बरेचदा असतं, पण खर्चात काय काय धरायचं यावरच मैत्री तुटते, त्यामुळे ते आधी लिहून काढ. मास्टर कायमचे स्वतःच्या नावावर घेऊ नकोस, ठराविक वर्षांसाठी लायसन्स घे. मोठ्या कंपन्या मास्टर कायमचे घेतात म्हणून तर तुम्ही वेगळं लेबल काढताय ना?

कॉलेज सोडू नकोस. अकाउंट्स आणि करार कायदा तुला आयता शिकवतायत, तो सोडून तू पुढे पैसे मोजून तेच शिकणार. आणि नाव झालं म्हणजे टिकलं असंही नाही, रॅपर एल-पीच्या डेफिनिटिव्ह जक्स या लेबलची अंडरग्राउंडमध्ये केवढी हवा होती, २०१० ला त्यांनीही काम थांबवलं. म्हणून वर्षभर फक्त तीन गाणी काढ, हिशोबाची वही ठेव, आणि ती वही बाबांना दाखव. पैसे आले नसले तरी दाखव.

आणि हो, तुमच्या नव्या बीटमध्ये जुन्या रेकॉर्डवरची बासरी आहे असं लिहिलंयस. परवानगी न घेता सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डचा तुकडा, वापरलं म्हणून १९९१ मध्ये अमेरिकन रॅपर बिझ मार्कीविरुद्ध कोर्टाचा निकाल लागला होता, अल्बम बाजारातून काढावा लागला. बीटवाल्याला आजच विचार ती बासरी कुठून उचलली.