पाप आदामानं केलं, पिल्लानं काय केलं?

प्रश्न: आम्ही वेंगुर्ल्याकडचे कॅथलिक. मुलगी बारावी सायन्सला ६८ टक्क्यांनी पास झाली. तिला प्राणिशास्त्र घ्यायचंय. दोन वर्षं ती वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं सोडायला जाते. मार्चमध्ये तिच्या डोळ्यांदेखत कावळ्यानं एक पिल्लू उचललं. पहिला माणूस आदाम, त्याच्या पापानं जगात मरण आलं, असं आम्ही तिला शिकवलेलं. तेव्हापासून विचारते, "पप्पा, पाप आदामानं केलं, पिल्लानं काय केलं?" कॉलेजात उत्क्रांती शिकवतील आणि हिची श्रद्धा जाईल. किनाऱ्यावर जाणं मी बंद केलंय. नर्सिंगला घालतोय. तिला समजवा.

उत्तर: टक्क्यांची मला काळजी नाही. 'जाणं बंद केलंय' हे मात्र टोचलं. पोरगी अंधारात उठते, वाळूत गुडघे टेकून टोपलीखालची पिल्लं मोजते, त्यातलं एक गेलं म्हणून कळवळून वडिलांकडे येते, आणि तुम्ही दार लावता? तिनं देव सोडलेला नाही. सोडला असता तर विचारलंच नसतं. आता ती विचारायची थांबेल, निदान तुम्हाला. मला भीती त्याची वाटते.

आणि नर्सिंगला गेली की प्रश्न सुटेल, हे कुणी सांगितलं? नाइट ड्युटीला एखाद्या लहान पोराची घरघर ऐकेल तेव्हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहील, आणखी मोठा होऊन. नर्सिंग फार मोलाचं काम आहे. पण ज्याला ते करायचंय त्याच्यासाठी. लपायला म्हणून कुणाला तिथं पाठवू नका.

उत्क्रांती मानली की धर्म बुडाला, असं तुमची ख्रिस्तसभा म्हणत नाही. मानवी शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला बाराव्या पायस पोपनी १९५० मध्येच मोकळीक दिली, आत्मा देवच निर्माण करतो एवढं राखून. उत्क्रांती आता नुसतं गृहीतक राहिलेली नाही, असं दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये सांगितलं. राहिला आदाम. डायनासोर संपले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, तेव्हा माणूस कुठेच नव्हता. म्हणजे प्राण्यांचं मरण माणसाच्या पापाच्या आधीचं. याला घाबरायचं कारण नाही. माणसाच्या पापानं प्राण्यांचा स्वभाव बदलला नाही, आजचे मांसाहारी तेव्हा पाला खात नव्हते, हे चर्चचे थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवलंय. डार्विन त्यानंतर सहाशे वर्षांनी आला.

मग त्या पिल्लाचं काय? मादी शंभरेक अंडी घालते, हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं असं मानतात. बाकीच्यांवर कुर्ल्या, कावळे, मासे जगतात. हिशेब बरोबर आहे, पण ज्याला चोच लागली त्याला त्याचं काय? डार्विनलाही हेच छळत होतं. सुरवंटाला आतून जिवंत पोखरणारे कीटक दयाळू देवानं मुद्दाम घडवले असतील, हे त्याला पटेना. १८६० मध्ये त्यानं ते लिहिलं एसा ग्रे या श्रद्धाळू ख्रिस्ती वनस्पतिशास्त्रज्ञाला. ग्रे यांनी मैत्री तोडली नाही, श्रद्धा सोडली नाही आणि अमेरिकेत उत्क्रांतीची बाजूही मांडत राहिले. तुमच्या मुलीला असा माणूस घरात हवाय.

घरातलं बायबल उघडा. स्तोत्र १०४ मध्ये सिंहाचे छावे भक्ष्य मागतात ते देवाकडेच. ईयोबाच्या पुस्तकात भुकेनं ओरडणाऱ्या कावळ्याच्या पिल्लांना देवच पुरवतो. हो, कावळ्याच्याच. आणि प्रेषित पौल रोमकरांना लिहितो, सगळी सृष्टी कण्हते आहे. हे तिच्याबरोबर बसून वाचा. उत्तर सापडलं नाही तर 'मलाही कळत नाही' म्हणा. बापानं असं म्हटल्यानं पोरं बिघडत नाहीत.

प्रवेशाचं थोडक्यात: प्राणिशास्त्रात बीएस्सी करू द्या, सीईटी दिली असेल तर रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालयही बघा. पुढचं पुढे.

येत्या हंगामात पिल्लं निघायला लागली की पहाटे तिच्याबरोबर तुम्हीही वायंगणीला जा. कावळे हाकलायला आणखी एक माणूस लागतोच.