वाचक विचारतात : दोन मालिका, साल एकच

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही खानापूरची पोरं टिळकवाडीत रूम घेऊन राहतोय, रात्री जेवणं झाली की स्टार ट्रेकच्या अंतराळातल्या मालिका लावतो. डीप स्पेस नाईनचे पाच सीझन झाले, व्हॉयेजरचे तीन. आता भांडण लागलंय, आधी कुठली संपवायची? गोष्टीतल्या २३७४ साली काय काय होतं तेपण सांगा, स्पॉयलर चालतील.

उत्तर : दोन्ही मिळूनच बघा रे. डीप स्पेस नाईनचा सहावा आणि व्हॉयेजरचा चौथा सीझन १९९७-९८ मध्ये बरोबरच आले आणि साल एकच, स्टारडेट म्हणजे मालिकेतली तारीख, ती ५१ नं सुरू झाली की २३७४ समजायचं.

इकडं डीप स्पेस नाईनमध्ये डोमिनियन ह्या शत्रू साम्राज्याशी युद्ध पेटलंय, हातचं गेलेलं स्टेशन कॅप्टन सिस्को परत घेतो, वर्महोलमध्ये म्हणजे अंतराळातल्या बोगद्यात शत्रूची २८०० जहाजं गायब होतात, ते सगळं भारी आहेच, पण साल फिरतं ते इन द पेल मूनलाईट ह्या एपिसोडमध्ये. दर शुक्रवारी युद्धात कामी आलेल्यांची यादी लागते आणि जो तो आपल्या माणसाचं नाव शोधतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, आपल्याकडं गावोगाव फौजेतली घरं, त्यामुळं तो सीन इथं बसून बघताना जास्तच लागतो. ती यादी थांबावी, युद्धाबाहेर राहिलेलं रोम्युलन साम्राज्य आपल्या बाजूनं यावं म्हणून सिस्को खोटा पुरावा बनवून घेतो, त्याचा साथीदार गॅरॅक रोम्युलन सिनेटरला जहाजासकट उडवतो आणि रोम्युलन युद्धात उतरतात.

तिकडं लांब डेल्टा क्वाड्रंटमध्ये, म्हणजे आकाशगंगेच्या पार दुसऱ्या भागात, अडकलेल्या व्हॉयेजर जहाजाला ह्यातलं काहीच माहीत नाही. मेसेज इन अ बॉटल ह्या एपिसोडमध्ये त्यांचा डॉक्टर पृथ्वीच्या बाजूच्या एका जहाजावर पोचतो आणि तिथला दुसरा डॉक्टर बोलता बोलता म्हणतो की डोमिनियनशी चाललेल्या लढाईत रोम्युलन अजून उतरलेले नाहीत. व्हॉयेजरच्या डॉक्टरला डोमिनियन हे नावच नवीन! म्हणून हा एपिसोड पेल मूनलाईटच्या आधीच बघा, नंतर बघितला तर त्या वाक्याची सगळी धार जाते. लगेच पुढं हंटर्स, त्यात घरची पत्रं येतात, जहाजावरच्या चाकोटेला कळतं की माकी ह्या बंडखोर गटातले त्याचे जुने साथीदार संपले, आणि कॅप्टन जेनवेचं ज्याच्याशी ठरलं होतं त्या मार्कनं दुसरीकडं लग्न केलंय.

इकडं स्टेशनवरच्या वर्फ आणि जॅडझियाचं लग्नपण ह्याच साली लागतं. डीप स्पेस नाईनचा टीयर्स ऑफ द प्रॉफेट्स हा एपिसोड मात्र सगळ्यात शेवटी ठेवा, त्यात जॅडझियाचा जीव जातो, दुसऱ्या दिवशी कुणाचा पेपर असेल तर त्या रात्री लावू नका.