दहाव्याला अडलेलं रडणं

पत्र: ताई, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, आठवीत. कार्तिकात माझे सासरे गेले. वारकरी माणूस, दरवर्षी पायी पंढरपूर. नातू त्यांच्याच अंथरुणात झोपायचा. दहाव्याला नदीवर तो हमसून हमसून रडायला लागला, तेव्हा सगळ्या भावकीसमोर त्याचे वडील म्हणाले, "बायकांसारखा रडतोस काय? मोठा झालास आता." तेव्हापासून त्याच्या डोळ्यांत टिपूस नाही. पण धाकट्या बहिणीवर हात उचलतो, भरलं ताट ढकलतो. परीक्षेआधी वर्गातल्या एका मुलाचं नाक फोडलं. हे म्हणतात, "पोरगा आहे, मारामाऱ्या करणारच." मी रात्री जवळ घेऊन सांगते, माझ्यापाशी रड, बाबांना कळू देणार नाही. तर अंग चोरतो. माझं कुठं चुकतंय?
— एक आई, फलटण तालुका

ताई,

तुमचं पत्र वाचून मला मुलाच्या आधी तुमच्या मालकांची काळजी वाटली. मुलाचे आजोबा गेले, पण त्यांचे तर वडील गेले. आणि पत्रात त्यांच्या दुःखाची एक ओळ नाही. त्यांनी ते कुणाला दिसूच दिलं नसणार. नदीवर मुलाचा बांध फुटला तेव्हा त्यांचाही फुटायला आला असेल आणि तो थोपवायला त्यांनी पोराला दटावलं असेल. हा माझा अंदाज आहे, पण असे पुरुष मी जवळून पाहिलेत. माझी आजी गेली तेव्हा माझे वडील दिवसभर आल्यागेल्याशी नीट बोलत होते. तिन्हीसांजेला मी गोठ्यात गेले, तर बैलाच्या मानेवर कपाळ टेकून उभे. पाठ गदगदत होती. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "वैरण टाकायची राहिली." मी दहा वर्षांची होते. आम्ही त्यावर कधीच बोललो नाही, याची खंत मला आजही आहे.

तुमच्या घरात दोन पोरके आहेत, आणि दोघंही एकमेकांपासून तोंड लपवतायत.

रडू गिळलं म्हणून दुःख जिरत नाही. मुलगा रडला तर बायकी, घाबरला तर भित्रा, पण चिडला तर "पोरगाच आहे." मग त्याची सगळी घालमेल रागातूनच बाहेर पडते. त्यात वय असं की आवाज फुटतोय, मिसरूड येतंय, रात्री झोपेत काही झालं तर सकाळी चादर कुठं लपवावी कळत नाही. हे सगळं नॉर्मल आहे, हे त्याला वडिलांनी नाहीतर मामाने एकदा सरळ सांगून टाकावं. घरातलं कुणी बोललं नाही तर तो मोबाइलवर शोधणार, आणि तिथं काय सापडेल याची खात्री नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, तुमचं चुकतंय ते "बाबांना कळू देणार नाही" यात. माया खरी आहे, पण त्यातून मुलाला कळतं की रडणं ही लपवायची गोष्ट आहे. ते वाक्य सोडून द्या. त्याला एवढंच म्हणा, "मलाही आबांची आठवण येते." म्हणा आणि कामाला लागा. त्याने लगेच काही बोलावं अशी वाट बघत बसू नका.

आणि दुःख आहे म्हणून मारणं माफ नाही. ज्या मुलाचं नाक फोडलं त्याच्या घरी त्याने जायचं, वडिलांनी सोबत जायचं, आणि माफी मुलाने स्वतःच्या तोंडाने मागायची. बहिणीवर हात उचलला तर त्याच क्षणी थांबवा: "राग आला तर सांग, मारायचं नाही." आज बहिणीवर चाललेला हात उद्या बायकोवर चालतो, आणि तेव्हाही कुणीतरी म्हणतं, पुरुष आहे, चालायचंच.

मालकांशी भांडू नका, त्यांना दोषही देऊ नका. एखाद्या रात्री पोरं झोपल्यावर विचारा, "आबांची आठवण येते का हो?" आणि गप्प बसा. त्या शांततेत काय होईल ते होऊ द्या. मग सांगा की पोराला आबांची एखादी गोष्ट सांगा, लहानपणी त्यांनी तुम्हाला पोहायला कसं शिकवलं, कशावरून मारलं, काहीही. समोर बसवून नको. मुलगे डोळ्यांत बघून बोलत नाहीत, हाताला काम असलं की बोलतात. मोटरसायकल धुताना, पाणी धरताना, आबांच्या टाळांची दोरी नवी ओवताना.

"पोरगा आहे, होईल ठीक" असं ते म्हणाले तर एक आकडा सांगा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने 2022 सालच्या 1,70,924 आत्महत्या नोंदवल्या, त्यात शंभरातले जवळजवळ बहात्तर पुरुष होते. घाबरवायला सांगत नाहीये. पण मुलाची झोप उडाली, खेळ सुटला, "मी नसतो तर बरं" असं काही तोंडून आलं, तर एक दिवसही थांबू नका. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. सध्याही तुम्हाला स्वतःला बोलावंसं वाटलं तर लावा. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातही दाखवता येईल. समुपदेशकाकडे नेलं म्हणजे पोरगं वेडं ठरत नाही.

शेवटचं एक. आबा ज्या वाटेने जायचे तिथं दांडगे, मिशाळ गडी एकमेकांच्या पाया पडतात, गळ्यात पडून रडतात आणि एकमेकांना माउली म्हणतात. तिथं कुणी कुणाला बायकी म्हणत नाही. आषाढीला माउलींची पालखी तुमच्याच तालुक्यातून जाते. लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. त्या दिवशी दुकान, शेत, जे असेल ते बंद ठेवायला सांगा, आणि बापलेकांना तेवढी वाट चालू द्या. तुम्ही जाऊ नका. आबांचे टाळ पोराच्या गळ्यात असू देत.